ब्राउझरची नवी आवृत्ती येण्याआधी वेबसाइट कशी तयार ठेवायची

तुम्ही साइटच्या कोडला महिनाभर हात लावलेला नाही, सर्व्हरही तोच आहे, आणि तरी सकाळी निरोप येतो की कालपर्यंत चालणारा फॉर्म आज सबमिट होत नाही. मधल्या काळात बदललेला असतो तो वापरणाऱ्याचा ब्राउझर. तो स्वतःहून अपडेट होतो आणि तसं होताना कुणालाच विचारत नाही.

जे पहिल्यांदाच एखाद्या साइटची जबाबदारी घेत आहेत, त्यांच्यासाठी हा लेख आहे. वर्षानुवर्षं साइट सांभाळल्यावर माझं एक मत पक्कं झालंय: आवृत्ती बीटात, म्हणजे सगळ्यांना देण्याआधीच्या चाचणीत, असते ते काही आठवडेच खरे मोलाचे. तेव्हा सापडलेली अडचण तुम्हाला शांतपणे दुरुस्त करता येते आणि चूक ब्राउझरची असेल तर तीही वेळेत सुधारून घेता येते. एकदा आवृत्ती सगळ्यांकडे पोचली की फक्त धावपळ उरते.

हाताशी काय काय हवं

- क्रोम, फायरफॉक्स आणि एज यांच्या बीटा आवृत्त्या. क्रोम आणि एजच्या बीटा नेहमीच्या ब्राउझरशेजारी स्वतंत्रपणे इन्स्टॉल होतात; फायरफॉक्सची बीटा वेगळ्या फोल्डरमध्ये इन्स्टॉल करा.
- मॅक असेल तर सफारी टेक्नॉलॉजी प्रिव्ह्यू.
- साइटची स्टेजिंग प्रत, म्हणजे खऱ्या साइटसारखीच पण लोकांना न दिसणारी.
- एक खराखुरा अँड्रॉइड फोन आणि जमलं तर एक आयफोन.
- साइटवर वापरलेल्या बाहेरच्या लायब्रऱ्या, प्लगइन आणि विजेट यांची यादी, आवृत्ती क्रमांकासकट. ही यादी बहुतेकांकडे नसते. आधी ती करा.
- संदर्भासाठी एमडीएन (वेब तंत्रांची माहिती देणारी साइट) आणि कॅन आय यूज (कोणती सुविधा कोणत्या ब्राउझरमध्ये चालते ते सांगणारी साइट).

## १. आवृत्त्यांचं वेळापत्रक समजून घ्या

क्रोमच्या चार वाटा आहेत: कॅनरी, डेव्ह, बीटा आणि स्टेबल, म्हणजे सगळ्यांना मिळणारी. कॅनरीत जवळजवळ रोज नवा बिल्ड येतो, त्यामुळे तो अधूनमधून मोडतोच. फायरफॉक्समध्ये नाइटली, मग बीटा आणि मग मुख्य आवृत्ती असा क्रम असतो. क्रोमने 2021 मध्ये सहा आठवड्यांचं चक्र चार आठवड्यांवर आणलं, फायरफॉक्सने ते 2020 मध्येच केलं होतं. सफारीचा मोठा बदल सप्टेंबरच्या सुमारास आयओएस आणि मॅकओएसच्या नव्या आवृत्तीबरोबर येतो आणि त्याचा बीटा जूनपासून मिळतो.

नवख्याने बीटापासून सुरुवात करावी. नाइटली किंवा कॅनरीत दिसलेली अडचण दोन दिवसांत आपोआप नाहीशी होऊ शकते, मग तुमचा वेळ फुकट जातो. बीटात दिसलेली अडचण मात्र बहुधा तशीच लोकांपर्यंत जाते.

इथे एक गोष्ट हमखास निसटते. आयफोनवर क्रोम किंवा फायरफॉक्स उघडलं तरी आतलं इंजिन, म्हणजे पान उभं करणारा गाभा, ॲपलचं वेबकिटच असतं. युरोपीय संघात 2024 पासून आणि जपानमध्ये डिसेंबर 2025 पासून मिळालेली सवलत सोडली तर हा नियम इतरत्र लागू आहे. म्हणून संगणकावरच्या क्रोममध्ये साइट चालली यावरून आयफोनवरच्या क्रोमबद्दल काहीही ठरवू नका.

## २. रिलीज नोट्स खालून वर वाचा

प्रत्येक आवृत्तीबरोबर डेव्हलपरांसाठी वेगळ्या नोंदी निघतात. त्यात तीन प्रकारची माहिती असते: नवीन काय आलं, जुन्यापैकी काय वेगळं वागणार, आणि काय काढून टाकलं. सगळ्यांचं लक्ष पहिल्या भागाकडे जातं. तुम्ही शेवटच्या भागापासून सुरुवात करा, कारण साइट मोडते ती बहुतेक तिथल्या गोष्टींमुळे.

एक उदाहरण घेऊ. पानात काही बदललं की कळवणारे म्युटेशन इव्हेंट 2011 पासूनच कालबाह्य म्हणून जाहीर होते. जुलै 2024 मध्ये क्रोम 127 ने ते खरोखर बंद केले. त्यांची जागा घेणारा म्युटेशन ऑब्झर्व्हर कितीतरी वर्षं उपलब्ध होता, कन्सोलमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधल्या त्रुटी दाखवणाऱ्या खिडकीत, इशाराही येत होता. ज्यांनी तो पिवळा इशारा वाचला, त्यांना सवडीने काम उरकता आलं.

म्हणून नोंदी वाचताना काढून टाकलेल्या प्रत्येक गोष्टीचं नाव आपल्या पूर्ण कोडमध्ये शोधा. बाहेरून आणलेल्या लायब्रऱ्यांच्या फायलीही त्या शोधात घ्या. क्रोमियमवर, म्हणजे क्रोम आणि एजच्या सामाईक गाभ्यावर, चालणारे ब्राउझर कालबाह्य गोष्टींच्या वापराचे अहवाल थेट तुमच्या सर्व्हरकडे पाठवू शकतात. सर्व्हरच्या उत्तरात रिपोर्टिंग एपीआयचा एक हेडर लावला की झालं. लोक तुमची साइट वापरताना काय घडतंय हे त्यातून कळतं, आणि ते कळायला दुसरा इतका स्वस्त मार्ग मला माहीत नाही.

## ३. पहिली फेरी: कन्सोल उघडा ठेवून

बीटासाठी कोरा प्रोफाइल बनवा. त्यात एक्स्टेन्शन नकोत. जाहिरात अडवणाऱ्या एक्स्टेन्शनमुळे बंद पडलेली स्क्रिप्ट नव्या आवृत्तीची चूक समजून तासन्‌तास शोधणारे मी पाहिलेत. साइटवर सर्व्हिस वर्कर (फायली ब्राउझरमध्ये साठवून तिथूनच देणारी स्क्रिप्ट) असेल तर डेव्हलपर टूल्समधून तो काढून टाका, नाहीतर तुम्ही जुन्याच फायली तपासत बसाल.

मग मुखपृष्ठ न्याहाळत बसण्यापेक्षा ज्यावर साइटचं काम अडतं ते करून पाहा: नवीन खातं उघडणं, लॉगिन, पासवर्ड विसरल्यावरची वाट, फॉर्म, फाइल अपलोड, पैसे भरणं, छपाई. छपाई सगळे विसरतात. प्रत्येक पायरीवर कन्सोलकडे लक्ष असू द्या. लाल ओळ दिसली की तेच पान सध्याच्या स्टेबल आवृत्तीतही उघडा. तीच ओळ तिथेही येत असेल तर तिचा नव्या आवृत्तीशी संबंध नाही, ते वेगळं काम आहे.

मजकूर देवनागरीत असेल तर आणखी एक फेरी मारा. अक्षरांच्या वरची-खालची मोकळी जागा छाटणारा टेक्स्ट-बॉक्स हा सीएसएसमधला (पानाची मांडणी-सजावट ठरवणाऱ्या भाषेतला) नवा गुणधर्म बटणांसाठी फार उपयोगी आहे. पण त्याचा नेहमी दाखवला जाणारा प्रयोग रोमन मोठ्या अक्षरांच्या उंचीवर आणि तळरेषेवर बेतलेला असतो. आपली वेलांटी त्या उंचीच्या वर जाते आणि उकार तळरेषेच्या खाली उतरतो. त्या चौकटीला ओव्हरफ्लो, म्हणजे बाहेर येणारा भाग, लपवायला सांगितलं असेल तर ‘कृती’ या शब्दाचा ऋकार कापला जातो. रोमन मजकुरात तपासून हे कधीच दिसणार नाही.

## ४. ब्राउझरला नाव विचारणं थांबवा

माझ्या मते हा या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. यूजर एजंट म्हणजे ब्राउझर स्वतःची ओळख म्हणून पाठवतो ती ओळ. तिच्यातून ब्राउझरचं नाव आणि आवृत्ती काढून त्यानुसार पान बदलणारा कोड अजूनही असंख्य साइटवर आहे. नवीन आवृत्ती आली की पहिला मोडतो तो हाच.

याचा इतिहास बोलका आहे. 2009 मध्ये ऑपेरा 10 येणार होता, तेव्हा अनेक साइट आवृत्तीचा पहिलाच अंक वाचत. दहाचा एक झाला आणि त्या साइट ऑपेराला पुरातन ब्राउझर समजू लागल्या. शेवटी ऑपेराने ओळखीच्या ओळीच्या सुरुवातीला कायमचं 9.80 ठेवलं आणि खरी आवृत्ती ओळीच्या शेवटी नेली. तेरा वर्षांनी हाच प्रश्न तीन अंकांबाबत आला. क्रोम 100 हा 29 मार्च 2022 ला आणि फायरफॉक्स 100 हा 3 मे 2022 ला आला. दोन्हीकडच्या लोकांनी कित्येक महिने आधीपासून आवृत्ती शंभर दाखवून साइट तपासल्या. दोनच अंक शोधणारा पॅटर्न शंभरचे दहा वाचत होता, आणि ‘तुमचा ब्राउझर फार जुना आहे’ असा फलक अगदी ताज्या ब्राउझरला दिसत होता.

ती ओळ मुळातच भरवशाची नाही. क्रोमच्या ओळीत मोझिलाही असतो आणि सफारीही. एजच्या ओळीत क्रोम असतो. आयपॅडवरची सफारी 2019 पासून स्वतःला मॅक म्हणवते. अँड्रॉइडवरचा क्रोम आता फोनचं खरं मॉडेल न सांगता सगळीकडे ‘अँड्रॉइड 10’ आणि ‘के’ एवढंच सांगतो. मॉडेलच्या नावावरून टॅब्लेट ओळखणारा कोड तिथे सपशेल फसतो.

काम असं करा:

- कोडमध्ये ‘यूजर एजंट’ जिथे जिथे वाचला जातो त्या सगळ्या जागा शोधा, सर्व्हरवरच्या कोडसकट.
- प्रत्येक जागी विचारा: इथे नेमकी कोणती क्षमता हवी होती? त्या क्षमतेची थेट तपासणी लिहा. मोबाइल आहे का हे बहुतेक वेळा पडद्याची रुंदी किंवा स्पर्शाची सोय यावरून ठरवायचं असतं, त्यासाठी मीडिया क्वेरी, म्हणजे पडद्याबद्दलची सीएसएसमधली अट, पुरते.
- एखाद्या आवृत्तीतल्या ठरावीक बगसाठी नाव तपासणं अटळ असेल, तर त्या अटीला वरची मर्यादा घाला. नंतरच्या सगळ्या आवृत्त्या नीट आहेत असं धरून चला.
- ‘अमुक ब्राउझर वापरा’ असा अडसर लावून आत येणाऱ्याला बाहेर ठेवू नका. फार तर सूचना दाखवा आणि वाट मोकळी ठेवा.

## ५. नवी सुविधा वापरायची तर पायरीपायरीने

आधी नव्या सुविधेशिवाय पान पूर्ण चालेल असं करा. मग ज्या ब्राउझरला ती येते त्याच्यासाठी वरून चढवा.

सीएसएसमध्ये यासाठी सपोर्ट्स हा नियम आहे. त्याच्या कंसात गुणधर्म आणि किंमत लिहायची, आतला मजकूर ती जमणाऱ्या ब्राउझरलाच लागू होतो. निवडक, म्हणजे पानातला घटक निवडणारा सिलेक्टर, तपासायचा असेल तर त्याच नियमात ‘सिलेक्टर’ असं लिहून विचारता येतं. जावास्क्रिप्टमध्ये त्या नावाचं फंक्शन अस्तित्वात आहे का, एवढंच पाहायचं.

व्ह्यू ट्रान्झिशनचं पाहा. पानातला बदल सरकत-विरघळत दाखवणारी ही सोय क्रोममध्ये मार्च 2023 मध्ये आली, इतरांकडे बऱ्याच नंतर. ती वापरताना पानातला बदल करणारं काम एका स्वतंत्र फंक्शनमध्ये ठेवा. डॉक्युमेंटवर स्टार्ट-व्ह्यू-ट्रान्झिशन असेल तर ते फंक्शन त्याच्या हवाली करा, नसेल तर सरळ चालवा. ज्याच्याकडे सोय नाही त्याला हालचाल दिसत नाही, पण बदल लगेच होतो. तक्रारीला जागा राहत नाही.

आता सापळा. ‘हॅज’ हा सीएसएस निवडक, म्हणजे आत काय आहे त्यावरून बाहेरचा घटक निवडणारा, सफारीत मार्च 2022 मध्ये आला, क्रोममध्ये ऑगस्ट 2022 मध्ये आणि फायरफॉक्समध्ये डिसेंबर 2023 मध्ये. समजा चुकलेल्या रकान्याला लाल कड द्यायची आहे. तुम्ही जुना वर्ग-निवडक आणि नवा ‘हॅज’चा निवडक स्वल्पविराम देऊन एकाच नियमात लिहिलेत. ज्या ब्राउझरला ‘हॅज’ कळत नाही तो फक्त तेवढाच भाग सोडत नाही, सगळा नियम फेकून देतो, आणि आधी चालणारी लाल कडही जाते. दोन निवडक दोन वेगळ्या नियमांत लिहा. थोडी पुनरुक्ती होईल, होऊ द्या.

कोणती सुविधा निर्धास्त वापरावी, यासाठी बेसलाइन हा निकष चांगला आहे. क्रोम, एज, फायरफॉक्स आणि सफारी या सगळ्यांत सुविधा पोचली की ती ‘नुकतीच उपलब्ध’ आणि त्यानंतर 30 महिने झाले की ‘सर्वत्र उपलब्ध’ मानली जाते. फॉर्म, लॉगिन, पैसे अशा ठिकाणी मी ‘सर्वत्र उपलब्ध’ झाल्याशिवाय नुसत्या नव्या सुविधेवर विसंबत नाही. सजावटीसाठी मात्र हवं ते आजच वापरावं.

फ्लॅगखाली, म्हणजे ब्राउझरच्या प्रायोगिक सेटिंगमध्ये, दडलेल्या सुविधांबद्दल एवढंच: स्वतःच्या संगणकावर सुरू करून शिका, पण साइट त्यावर उभी करू नका. लोकांच्या ब्राउझरमध्ये तो फ्लॅग बंदच असतो. खऱ्या लोकांवर प्रयोग करायचाच असेल तर क्रोमचं ओरिजिन ट्रायल आहे. त्यात तुमच्या डोमेनपुरतं टोकन मिळतं आणि ते मुदतीचं असतं. मुदत संपल्यावर काय होईल, ते टोकन लावण्याआधीच ठरवा.

## ६. जुन्या लायब्रऱ्या नव्या नावांना अडतात

सुविधा आपण वापरली नाही तर ती आपल्याला कशाला त्रास देईल, असं वाटणं स्वाभाविक आहे. पण 2018 मध्ये नेमकं तेच घडलं. जावास्क्रिप्टच्या ॲरेला (मूल्यांच्या यादीला) ‘फ्लॅटन’ ही नवी पद्धत (मेथड) मिळणार होती. फायरफॉक्स नाइटलीत ती आली आणि मूटूल्स ही जुनी लायब्ररी वापरणारी साइट मोडली.

कारण बारीक होतं. मूटूल्स स्वतःची ‘फ्लॅटन’ ॲरेवर लावायची आणि मग ॲरेवर मोजणीत दिसणाऱ्या आपल्या सगळ्या पद्धती दुसऱ्या वस्तूवर उतरवायची. ब्राउझरच्या अंगभूत पद्धती त्या मोजणीत दिसत नाहीत. मूटूल्सने त्याच नावावर स्वतःची पद्धत लिहिली तरी न दिसण्याचा गुण तसाच राहिला, आणि ती पुढे उतरलीच नाही. शेवटी भाषेतल्या पद्धतीचंच नाव बदलून ‘फ्लॅट’ करावं लागलं. हे जमलं, कारण अडचण नाइटलीत असतानाच कुणीतरी कळवली.

तुमच्यासाठी यातून निघणारं काम: यादीतली जी लायब्ररी ॲरे, स्ट्रिंग, घटक अशा अंगभूत वस्तूंवर स्वतःची नावं चढवते, तिच्यापुढे खूण करा. स्वतःच्या कोडमध्ये असं काही असेल तर ते वेगळ्या फंक्शनमध्ये हलवा. खूण केलेल्या लायब्रऱ्या वापरणाऱ्या पानांना प्रत्येक बीटात आधी भेट द्या.

## ७. कुकी, आवाज आणि परवानग्या

वागणुकीतले बदल फसवे असतात, कारण कन्सोल स्वच्छ दिसतो आणि काम होत नाही. फेब्रुवारी 2020 मध्ये क्रोम 80 पासून सेमसाइट (दुसऱ्या साइटवरून आलेल्या विनंतीबरोबर कुकी पाठवायची की नाही ते सांगणारा शेरा) न लिहिलेली कुकी ‘लॅक्स’ समजली जाऊ लागली. एप्रिलमध्ये महामारीमुळे हा बदल तात्पुरता मागे घेऊन जुलैत पुन्हा लागू केला गेला, इतक्या साइटचं काम त्यावर अवलंबून होतं.

पैसे भरण्याच्या वाटेवर हे कसं दिसतं पाहा. ग्राहक पेमेंट गेटवेकडे जातो, पैसे भरतो, आणि गेटवे पोस्ट विनंतीने (माहिती पाठवणाऱ्या विनंतीने) त्याला तुमच्या साइटवर परत पाठवतो. दुसऱ्या साइटवरून आलेल्या पोस्टबरोबर लॅक्स कुकी जात नाही. सेशन, म्हणजे लॉगिनची ओळख, सापडत नाही आणि पैसे भरलेला माणूस लॉगिनच्या पानावर येऊन उभा राहतो. तुम्ही तपासता तेव्हा मात्र सगळं चालतं, कारण सेमसाइट न लिहिलेल्या कुकीला क्रोमने पहिल्या दोन मिनिटांची सवलत दिली होती. घाईघाईत केलेली चाचणी पास होते, सावकाश कार्ड शोधणारा माणूस अडकतो. म्हणून अशी चाचणी करताना मध्ये पाच मिनिटं थांबा, आणि प्रत्येक कुकीला सेमसाइट स्पष्ट लिहा. ‘नन’ (कुठूनही आलेल्या विनंतीबरोबर पाठवा) हवं असेल तर ‘सिक्युअर’ही लिहावंच लागतं.

आवाजाचंही असंच. एप्रिल 2018 मध्ये क्रोम 66 ने वापरणाऱ्याच्या स्पर्शाशिवाय वाजणारा आवाज अडवला, तेव्हा ब्राउझरमधले कितीतरी खेळ मुके झाले आणि मे महिन्यात त्या बदलाचा वेब ऑडिओचा भाग मागे घ्यावा लागला. तो पुढे परत आलाच. व्हिडिओ सुरू करणारी प्ले ही पद्धत प्रॉमिस, म्हणजे पुढे पूर्ण होणारा किंवा नाकारला जाणारा निकाल, देते. ते नाकारलं गेलं तर काय दाखवायचं हे लिहून ठेवा, म्हणजे पुढचे नियमही झेपतील.

## ८. पॉलिफिल आणि प्रीफिक्स

पॉलिफिल म्हणजे नसलेली सुविधा जावास्क्रिप्टने भरून काढणारा तुकडा. तो स्वतःच्या सर्व्हरवरूनच द्या. जून 2024 मध्ये पॉलिफिल डॉट आयओ हे डोमेन नव्या मालकाकडे गेल्यानंतर तिथून घातक कोड पसरल्याचं उघड झालं, आणि एक लाखाहून जास्त साइट त्या पत्त्यावरून फाइल उचलत होत्या. दुसऱ्याच्या पत्त्यावरून येणारी स्क्रिप्ट तुमच्या पानावर पूर्ण अधिकाराने चालते, हे विसरू नका.

वेबकिट प्रीफिक्स, म्हणजे सीएसएस गुणधर्माच्या नावाआधी लावलेला इंजिनाचा शिक्का, हाताने लिहू नका; तो आपोआप लावणाऱ्या ऑटोप्रीफिक्सर या साधनाला करू द्या. नुसता प्रीफिक्सवाला गुणधर्म लिहून मूळ गुणधर्म न लिहिण्याची सवय इतकी पसरली होती की फायरफॉक्सला 2016 मध्ये 49 व्या आवृत्तीत कितीतरी वेबकिट प्रीफिक्स स्वीकारावे लागले.

## ९. हाताने एकदा, मग यंत्राने

तिसऱ्या पायरीतली फेरी दर महिन्याला हाताने मारणं टिकत नाही. प्लेराइट हे चाचण्या आपोआप चालवणारं साधन क्रोमियम, फायरफॉक्स आणि वेबकिट या तिन्ही इंजिनांवर त्याच चाचण्या चालवतं. विंडोज किंवा लिनक्सवरही वेबकिट चालतं, त्यामुळे मॅक नसणाऱ्यांची मोठी सोय होते. ते म्हणजे हुबेहूब सफारी नव्हे, तरी मांडणीतल्या बऱ्याच चुका तिथेच सापडतात. सुरुवातीला लॉगिन, मुख्य फॉर्म आणि पैसे भरणं एवढ्या तीनच चाचण्या लिहा आणि आठवड्यातून एकदा बीटावर आपोआप चालतील असं लावून द्या.

## १०. चूक ब्राउझरची वाटली तर

आधी खात्री करा. अडलेलं पान घ्या आणि एकेक भाग काढत जा, चूक दिसायची थांबेपर्यंत. शेवटी वीस-तीस ओळींची एक एचटीएमएल फाइल उरायला हवी. हे करताना बहुतेकदा चूक आपल्याच कोडमध्ये सापडते, तेही बरंच. खरोखर ब्राउझरची असेल तर फायरफॉक्ससाठी बगझिला, क्रोमसाठी क्रोमियमचा आणि सफारीसाठी वेबकिटचा बग ट्रॅकर आहे.

नोंदीत एवढं लिहा: पूर्ण आवृत्ती क्रमांक, ऑपरेटिंग सिस्टीम, करायच्या कृती क्रमाने, काय अपेक्षित होतं आणि काय झालं, आणि कोणत्या आवृत्तीपर्यंत नीट चालत होतं. शेवटच्या मुद्द्यामुळे शोधणाऱ्याचं काम फार सोपं होतं. साइटचा पासवर्ड किंवा ग्राहकांची माहिती असलेले स्क्रीनशॉट जोडू नका, या नोंदी सगळ्यांना दिसतात.

## ११. आवृत्ती बाहेर पडते त्या आठवड्यात

क्रोम नवी आवृत्ती आधी थोड्या लोकांना देतो आणि मग वाढवत नेतो. त्यामुळे पहिल्या दिवशी शांत वाटलं तरी आठवडाभर त्रुटींच्या नोंदी आवृत्तीनुसार वेगळ्या करून बघा. त्या आठवड्यात स्वतःच्या साइटवर मोठा बदल चढवू नका, नाहीतर बिघाड कुणामुळे झाला ते कळणार नाही. तक्रारी घेणाऱ्या सहकाऱ्यांना आधीच सांगून ठेवा की ब्राउझरची आवृत्ती विचारून घ्या.

आठवडा निवांत गेला की निरुपयोगी झालेले पॉलिफिल आणि वरची मर्यादा ओलांडलेल्या अटी काढून टाका, लायब्रऱ्यांच्या यादीत आवृत्ती क्रमांक ताजे करा आणि पुढचा बीटा डाउनलोडला लावा.